टँकर जलचक्रात कुठे बसतो?

मार्च लागला आणि 22 तारखेचा जागतिक जलदिन जवळ आला की शाळांमधून प्रभातफेऱ्या निघतात, फलक रंगवले जातात आणि त्याच सुमारास मुलांना पाणी हा विषय नेमका कसा शिकवावा याबद्दलचा एक जुना वाद पुन्हा तोंड वर काढतो. एका बाजूचे म्हणणे असे की पाण्याचा धडा हा विज्ञानाचा धडा आहे. बाष्पीभवन, संघनन आणि वृष्टी एवढे मुलांना नीट उमगले की काम झाले, आणि कोणाला पाणी मिळते, कोणाला मिळत नाही हा मोठ्यांच्या राजकारणाचा भाग परिसर अभ्यासाच्या तासात घुसवू नये. दुसरी बाजू म्हणते की व्याख्या घोकून काही साधत नाही, मुलांवर पाणी जपण्याचे संस्कार झाले पाहिजेत. तिसरी, संख्येने लहान पण आवाजाने मोठी असलेली बाजू आग्रह धरते की जगातल्या दोनशे कोटींहून अधिक लोकांना सुरक्षित पाणी घरात आणि हवे तेव्हा मिळत नाही, हे मुलांना आधी सांगा, ढगांचे नंतर बघू.

तिन्ही बाजू हिरिरीने भांडत असल्या तरी एका गोष्टीवर त्यांचे न बोलता एकमत आहे. जलचक्र ही निसर्गाची गोष्ट आणि पाण्याचे वाटप ही माणसांची गोष्ट, म्हणजे हे दोन वेगळे धडे आहेत, असे तिघेही गृहीत धरतात. वाद उरतो तो फक्त कोणता धडा आधी घ्यावा आणि कोणत्या धड्याला किती तास द्यावेत याचा. माझा आक्षेप या गृहीतकालाच आहे. माणसाला वगळून काढलेले जलचक्र आजच्या पृथ्वीवर, आणि महाराष्ट्रात तर नक्कीच, अस्तित्वात नाही. ते चित्र नागरिकशास्त्र म्हणून अपुरे आहे ही तक्रार सौम्य झाली. ते विज्ञान म्हणूनच चुकीचे आहे.

ते चित्र आपण सगळ्यांनी वहीत काढलेले आहे. डावीकडे समुद्र, वर सूर्य, समुद्रातून वर जाणारे वाकडे बाण, ढग, उजवीकडे बर्फाच्छादित डोंगर (सह्याद्रीच्या पायथ्याशी शिकणाऱ्या मुलांच्या वहीतही बर्फच), त्यावरून उतरणारी नदी आणि ती पुन्हा त्याच समुद्राला मिळालेली. आता हे चित्र सातारा जिल्ह्यावर ठेवून पाहावे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कोयना तिथून निघून कृष्णेला मिळते आणि चित्राच्या हिशेबाने ते सारे पाणी बंगालच्या उपसागरात जायला हवे. प्रत्यक्षात कोयना धरणात अडवलेले पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर सोडले जाते, पोफळीला वीज तयार करते आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पाणीतंटा लवादाने या पश्चिमेकडे वळवलेल्या पाण्याची मर्यादा 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) ठरवून दिली आहे. भीमेच्या खोऱ्यात मुळशी आणि लोणावळा परिसरातल्या टाटांच्या धरणांनी शंभर वर्षांपूर्वीच असे पाणी उलट्या दिशेने वळवले. 1921 साली सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला तो त्यातल्याच एका धरणाविरुद्ध. म्हणजे विजेसाठी माणसाने पाण्याचा समुद्रच बदलला. ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात ‘जलविद्युत’ या शीर्षकाखाली येते, इतिहासात आली तर सत्याग्रह म्हणून येते. जलचक्राच्या धड्यात मात्र ती कुठेच नसते, जणू त्या पाण्याला चक्रातून रजा मिळालेली आहे.

हा दोष आपल्याच पुस्तकांचा आहे असेही नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवेगळ्या देशांच्या पाठ्यपुस्तकांतली आणि वैज्ञानिक लेखनातली जलचक्राची साडेचारशेहून अधिक चित्रे तपासली गेली, तेव्हा त्यांपैकी जेमतेम 15 टक्के चित्रांत माणसाचा पाण्याशी येणारा संबंध दाखवलेला आढळला. ज्या अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे चित्र जगभरच्या शाळांत वर्षानुवर्षे चिकटवले गेले, तिने 2022 साली ते मागे सारून नवे चित्र काढले. त्यात शेती, शहरे, उपसा, धरणे आणि प्रदूषण यांना जागा मिळाली. हे करणारे लोक आंदोलक नव्हते, प्रवाह मोजणारे शास्त्रज्ञ होते. त्यांना माणूस चित्रात आणावा लागला, कारण त्याच्याशिवाय जमाखर्च जुळत नव्हता.

माणूस नसलेल्या चित्राने मुलांच्या डोक्यात एक घोटाळाही तयार होतो आणि शिक्षकांना तो बहुधा परीक्षेपुरता दाबून टाकावा लागतो. एकाच धड्यात मूल वाचते की पृथ्वीवरचे पाणी नष्ट होत नाही, ते फक्त रूप आणि जागा बदलत राहते. आणि धड्याच्या शेवटी चौकटीत वाचते की पाणी वाचवा, नाहीतर ते संपून जाईल. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी? हुशार मुले हा प्रश्न विचारतात आणि त्याला उत्तर मिळते ते बहुधा ‘आगाऊपणा करू नको’ या जातीचे. खरे उत्तर असे आहे की पृथ्वीचे पाणी संपत नाही, पण गावाचे संपते. हवेतली वाफ सरासरी नऊ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते, पण ती आपल्याच शिवारात खाली येईल याची काहीही हमी नाही. जमिनीत मुरलेले पाणी काही ठिकाणी वर्षभरात विहिरीत उतरते आणि काही ठिकाणी हजारो वर्षे खोल पडून राहते. दुसऱ्या प्रकारचे पाणी बोअर घेऊन उपसले की आपल्या नातवंडांच्याही हयातीत ते परत भरत नाही. पाणी कुठे आहे, केव्हा आहे आणि पिण्याजोगे आहे की नाही, हे तीन प्रश्न घातल्याशिवाय जलचक्राचा धडा पूर्णच होत नाही, आणि हे तीन प्रश्न घातले की वाटपाचा प्रश्न आपोआप वर्गात येऊन बसतो. त्याला कोणी मुद्दाम घुसवावे लागत नाही.

त्यातही महाराष्ट्राची जमीन ही वेगळीच अडचण आहे. पुस्तकातल्या चित्रात भूजल म्हणून जमिनीखाली एक निळा पट्टा रंगवलेला असतो आणि मुलांना वाटते की खाली तळेच आहे, खोल गेले की लागणारच. राज्याच्या सुमारे 82 टक्के भूभागाखाली बेसाल्टचा काळा कातळ आहे. त्यात पाणी साठते ते मुरमाच्या थरात, भेगांत आणि फटींत; एका शेतातल्या बोअरला पाणी लागते आणि बांधापलीकडच्या बोअरमधून नुसता फुफाटा उडतो. हे ज्या मुलाला ठाऊक आहे त्याला शेजारच्याने पाचशे फूट बोअर घेतल्यावर आपली विहीर का आटली हेही कळू शकते. हे भूशास्त्र झाले की राजकारण?

पर्जन्यछायेतल्या, म्हणजे डोंगराआड कमी पाऊस पडणाऱ्या, एखाद्या गावात एप्रिल-मे महिन्यात टँकर कसा येतो हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. टँकर बहुधा घरोघर पाणी वाटत नाही. तो गावाच्या विहिरीपाशी उभा राहतो, चालक मागचा जाड पाइप विहिरीच्या तोंडाशी धरतो आणि बारा हजार लिटर पाणी काही मिनिटांत खाली कोसळते. तळाचा गाळ ढवळून पाणी चहासारखे होते. मग तो गाळ खाली बसायच्या आत कठड्यावर पोहरे आणि दोर लागतात, कारण वाट बघत राहिलेल्याच्या वाट्याला उरत नाही. बायका ओढतात, मुली हंडे-कळश्या लावून धरतात, पोरे प्लास्टिकचे ड्रम सायकलला बांधतात. माणशी 20 लिटर या सरकारी निकषाने ते पाणी सहाशे माणसांचे असते. आता या गावातल्या चौथीच्या मुलाला विचारा की विहिरीत पाणी कुठून येते. पुस्तकातले उत्तर आहे: पावसाचे पाणी जमिनीत मुरून. त्याच्या डोळ्यांसमोरचे उत्तर आहे: रस्त्याने. पहिले उत्तर लिहिले तर गुण मिळतात. विज्ञान म्हणजे निरीक्षण असे आपण त्याच मुलाला त्याच वर्षी शिकवत असतो.

‘विज्ञान शुद्ध ठेवा’ म्हणणाऱ्यांचे सर्वांत भक्कम म्हणणे असे आहे की मूळ संकल्पनाच इतक्या कच्च्या राहतात की त्यांवर आणखी ओझे नको. हे मान्य करायलाच हवे. ढग म्हणजे वाफच, असे समजणारी मुलेच काय, मोठी माणसेही पुष्कळ आहेत. वाफ दिसत नाही आणि ढगात दिसतात ते सूक्ष्म थेंब, हे वरणाच्या पातेल्यावरचे झाकण उचलून दाखवता येते, पण दाखवतो कोण? मात्र यावर उपाय म्हणून त्याच तीन व्याख्या आणखी घट्ट पाठ करून घ्यायच्या, हे मला पटत नाही. जलचक्राची कल्पनाच मुळात विज्ञान म्हणून उभी राहिली ती हिशेबातून. झरे आणि नद्या केवळ पावसाच्या पाण्यावर वाहू शकतात, यावर सतराव्या शतकापर्यंत युरोपातल्या विद्वानांचा विश्वास नव्हता. जमिनीखालच्या गुप्त वाटांनी समुद्राचे पाणी डोंगरात चढते अशा कल्पना प्रचलित होत्या. 1674 साली पिएर पेरो या फ्रेंच गृहस्थाने सीन नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यात पडणारा पाऊस आणि नदीतून वाहणारे पाणी यांची तुलना केली आणि पाऊस सुमारे सहापट भरला. म्हणजे नदीला पुरून उरेल एवढे पाणी आकाशातूनच येत होते. किती आले, किती गेले आणि उरलेले कुठे गेले, हा प्रश्न जलचक्राच्या मुळाशी आहे. आपण मुलांना बाण शिकवतो आणि आकडे गाळतो, आणि मग संकल्पना कच्च्या राहतात म्हणून हळहळतो.

आकडे घालून पाहू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते दहा हजार लिटर पाणी होते. हे सहावी-सातवीच्या मुलाला येणारे गणित आहे. समजा, एका गावाचे शिवार एक हजार हेक्टर आहे आणि पाऊस अवघा 500 मिलिमीटर, म्हणजे माण-खटावच्या तोडीचा. तरी त्या शिवारावर वर्षाला 500 कोटी लिटर पाणी पडते. गावाची वस्ती दोन हजार धरली आणि जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज 55 लिटर धरले, तर वर्षभराची घरगुती गरज साधारण 4 कोटी लिटर भरते. म्हणजे पडलेल्या पावसाच्या एक टक्क्याहूनही कमी. पुष्कळसे पाणी वाहून जाते, उडून जाते, मातीत आणि पिकांत राहते, हे सगळे वजा केले तरी प्रश्न उरतोच: शंभरातले एक लिटर पाणी माणसांसाठी मे महिन्यापर्यंत का टिकत नाही? आता पुढचे गणित. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षाला साधारण 2,000 मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी 2 कोटी लिटर. त्यातले काही पावसातून मिळते, तेवढे वजा करायलाही मुले शिकतील. तरी दोन-तीन हेक्टर ऊस आणि दोन हजार माणसांचे वर्षभराचे पाणी एकाच पारड्यात येतात. आणि दात घासताना नळ बंद ठेवून एका मुलाने रोज दहा लिटर वाचवले, तर एका हेक्टर उसाच्या पाण्याएवढी बचत व्हायला साधारण साडेपाच हजार मुलांना वर्षभर दात घासावे लागतील.

यावर दुसऱ्या बाजूचे लोक रागावतात आणि त्यांच्या रागाला आधार आहे. काटकसर ही फसवी गोष्ट नाही. 2018 साली दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊन शहराचे नळ कोरडे पडण्याची तारीख जाहीर झाली होती. त्या वर्षी 1 फेब्रुवारीपासून माणशी रोज 50 लिटरची मर्यादा घातली गेली आणि नागरिकांनी तीन वर्षांत शहराचा वापर निम्म्याहून खाली आणला. ती तारीख टळली. पण ती टळण्यात आणखी काय काय होते हेही सांगायला हवे. शेतीचे पाणी तोडले गेले, खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी आपल्या खासगी साठ्यांतून शहरासाठी 10 अब्ज लिटर पाणी सोडले, आणि झोपडवस्त्यांतली जी माणसे वर्षानुवर्षे सार्वजनिक नळावर रांग लावत होती त्यांना काटकसरीचे धडे देण्यासारखे काही नव्हतेच. काटकसर ज्याच्याकडे नळ आहे त्याचे कर्तव्य आहे. ती सगळ्या वर्गाला सरसकट शिकवली की कळशी डोक्यावर घेऊन आलेल्या मुलीलाही आपण सांगू लागतो की बाई, पाणी जपून वापर. आपल्या देशात दर वर्षी सुमारे 240 अब्ज घनमीटर भूजल उपसले जाते, जगात सर्वांत जास्त, आणि त्यातले जवळजवळ 87 टक्के शेतीला जाते. हे न सांगता ब्रश आणि बादलीच्या गोष्टी सांगणे म्हणजे घरात चोरी झाल्यावर मुलांच्या खिशातली सुटी नाणी मोजत बसणे आहे.

ऊस लावणारा शेतकरी खलनायक आहे, असे मात्र मुलांना शिकवू नये आणि ते खरेही नाही. ज्या पिकाला कायद्याने ठरलेला दर आहे, ज्याचा खरेदीदार कारखाना तालुक्यातच उभा आहे आणि जे पीक एखाद्या अवकाळी पावसाने झोपत नाही, ते सोडून ज्वारी पेरा असे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? इथेच धडा रंगतदार होतो, कारण इथे बाण काढून भागत नाही, निवड करावी लागते. आणि अशा निवडी करून दाखवणारी माणसे याच राज्यात होऊन गेली आहेत. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या संख्येप्रमाणे द्यायचे, माणशी अर्धा एकर भिजेल एवढे आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क. आणि उसासारखे बारमाही पीक घ्यायचे नाही, हे त्याचे नियम होते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातले हिवरे बाजार दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्याप्रमाणे कोणती पिके घ्यायची हे ठरवते. पिण्याचे पाणी पहिले, मग जनावरांचे, मग उरलेल्यात शेती. हे वाचताना मुलांना भागाकार येतो, भूगोल येतो आणि न्याय म्हणजे काय याचा विचारही येतो. तीन तासिका वेगळ्या कराव्या लागत नाहीत.

राजकारण नको, हा आक्षेप सर्वांत मोठ्याने घेतला जातो, म्हणून त्याच्याकडे नीट पाहू. वर्गात शिक्षकाने आपला पक्ष चालवू नये, याबद्दल दुमत नाही. पण कोण कुठले पाणी पितो हा प्रश्न विज्ञानाबाहेरचा आहे का? 1854 साली लंडनच्या सोहो भागात कॉलराने माणसे भराभर मरत होती आणि विद्वान मंडळी दूषित हवेला दोष देत होती. डॉक्टर जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून मेलेली माणसे कुठल्या पंपाचे पाणी पीत होती हे शोधले आणि बोट ठेवले ते ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर; तिथल्याच दारूभट्टीतले कामगार बचावले होते, कारण ते त्या पंपाचे पाणी पीत नव्हते. 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. (साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच नमूद केले आहे, दंतकथेत ते गळते.) पाण्यातून रोग पसरतो हे ज्ञान सूक्ष्मदर्शकाच्या आधी वाटपाच्या चौकशीतून पुढे आले. ‘कोणाला कुठले पाणी’ हा प्रश्न राजकीय म्हणून टाळला असता, तर विज्ञानाचेच नुकसान झाले असते.

आणि आपल्याकडे? महाडच्या चवदार तळ्यात पाणी पावसाचेच येत होते, त्यावर गुरेढोरे पीत होती आणि बाष्पीभवन स्पृश्यास्पृश्य न पाहता होत होते. 1923 साली मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, 1924 साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले, आणि तरीही अस्पृश्यांपैकी कोणी पाण्याला हात लावू शकत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह ते पाणी प्राशन केले, तर गावातल्या सवर्णांनी शेणगोमूत्र घातलेल्या 108 घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 साल उजाडले. पाणी शुद्ध कशाने होते आणि अशुद्ध कशाने, हे शिकवताना याहून नेमके उदाहरण कोणत्या देशात मिळेल? शेणाने पाणी शुद्ध झाले की दूषित, याचे उत्तर विज्ञानाच्या तासालाच द्यायचे आहे. तरीही हा प्रसंग इतिहासाच्या पुस्तकात एक सनावळी होऊन राहतो आणि पाण्याचा धडा सनावळीवाचून.

आजचे उदाहरण हवे असेल तर ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका आहे. तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यात. मुंबईला रोज 380 कोटी लिटरहून अधिक पाणी लागते, त्यातला मोठा वाटा या भागातून जातो. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. त्या पाण्याच्या दुसऱ्या टोकालाही सगळे सुखात नाहीत. 2000 सालानंतरच्या वस्त्यांना महापालिका नळजोडणी देत नसे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की घर अनधिकृत असले तरी माणसाला जगण्याच्या हक्कात पाण्याचा हक्क आहेच. मुंबईतल्या शाळेने आपल्या नळातले पाणी कुठून येते याचा नकाशा मुलांकडून काढून घेतला तर तो शंभरेक किलोमीटर दूर जातो, आणि त्या रेघेवर जलचक्र, अभियांत्रिकी आणि राज्यघटना अशा तिन्ही गोष्टी भेटतात.

तिसऱ्या बाजूशी, म्हणजे जगभरच्या तहानलेल्यांची आकडेवारी आधी सांगा म्हणणाऱ्यांशी, माझे मतभेद वेगळे आहेत. त्यांचा हेतू चांगला आहे, पण आफ्रिकेतल्या मुलीचे डोक्यावर घागर घेतलेले छायाचित्र दाखवून आपली मुले शिकतात ती दया, आणि दया बहुधा दूरच्या माणसाविषयीच वाटते. घरात पाणी नसलेल्या दहा कुटुंबांपैकी सात कुटुंबांत ते आणण्याचे काम बायका आणि मुलींवर पडते, हे जगाबद्दल जितके खरे आहे तितकेच आपल्या जिल्ह्याबद्दल. शिवाय जगाची गोष्ट नुसत्या अभावाची नाही. बांगलादेशात दूषित तळ्यांच्या पाण्याने मुले जुलाबांनी दगावत होती, म्हणून 1970 च्या दशकापासून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. 1993 मध्ये कळले की त्या भूजलात खडकगाळातून उतरलेले आर्सेनिक आहे. सद्‌हेतूने पुरवलेले पाणीच विष निघाले, कारण जमिनीखाली पाणी कशातून वाट काढते ते तपासले गेले नव्हते. आपल्याकडे यवतमाळसारख्या जिल्ह्यांत खोल बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड हाडे आणि दात बिघडवते, तीही त्याच जातीची गोष्ट. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात 2014 साली पैसे वाचवायला पाण्याचा स्रोत बदलून स्थानिक नदीचे पाणी घेतले आणि जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरले. म्हणजे श्रीमंत देशाच्या नळालाही हमी नाही. आणि जगाला आपण काही दिलेही आहे. सत्तरच्या दशकात खेड्यांतले ओतीव लोखंडाचे हातपंप वरचेवर मोडून बंद पडत होते, तेव्हा सोलापुरात आणि जालन्यात घडवलेल्या मजबूत पोलादी पंपांनी वाट दाखवली. सोलापूरच्या पंपावरून पुढे युनिसेफच्या साहाय्याने इंडिया मार्क दोन हा हातपंप तयार झाला आणि तो आशिया-आफ्रिकेतल्या असंख्य गावांत पोहोचला. सोलापूरच्या मुलाला हे माहीत असेल तर आफ्रिकेतल्या त्या मुलीकडे तो दयेने पाहणार नाही.

एवढ्या लहान वयात मुलांना घाबरवायचे कशाला, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण तो घेणारे कोणत्या मुलांचा विचार करतात? टँकरच्या मागे धावणाऱ्या मुलाला टंचाईची बातमी आपण देत नाही. ती त्याच्या अंगवळणी पडलेली असते. त्याला नसते ते तिचे कारण, आणि कारण कळल्याने भीती वाढतेच असे नाही, बऱ्याचदा कमी होते. उरली ती ज्यांच्या घरी चोवीस तास पाणी आहे अशी मुले. त्यांना पुढे जाऊन मतदान करायचे आहे आणि पाणीपट्टीवर मत द्यायचे आहे.

खरी अडचण मुलांची नसून शिक्षकांची आहे, आणि या वादात तिच्याविषयी फार थोडे बोलले जाते. ज्या गावात कारखान्याचा संचालक शाळेच्या व्यवस्थापनातही आहे, तिथे उसाच्या पाण्याचे गणित फळ्यावर मांडणे हे धाडस आहे. अशा शिक्षकाला ‘निर्भय व्हा’ म्हणून सांगणे सोपे आहे आणि निरुपयोगीही. त्याच्या हाती छापील पान द्यावे लागेल, म्हणजे कोणी विचारले तर तो पुस्तक उघडून दाखवू शकेल. बाटली कापून केलेला पर्जन्यमापक, ऑक्टोबरमध्ये आणि मेमध्ये दोराला दगड बांधून मोजलेली विहिरीची पातळी, गावातल्या बोअरची खोली, पिकाखालचे क्षेत्र आणि पिण्याच्या पाण्याची गरज, असा तक्ता भूगोलाच्या पुस्तकात असला तर तो भरणे हा स्वाध्याय ठरतो, आरोप ठरत नाही. निष्कर्ष वर्गाने काढावा. काय करायचे ते ग्रामसभेने ठरवावे.

राज्याने नववी-दहावीसाठी ‘जलसुरक्षा’ हा स्वतंत्र विषय आणला, त्यात यातले बरेच काही बसू शकते. पण तो श्रेणीचा विषय आहे आणि श्रेणीच्या विषयाचे तास आपल्या शाळांत कोणाला उसने दिले जातात हे दहावीच्या कोणत्याही मुलाला विचारावे. शिवाय नववी म्हणजे उशीर झाला. तोवर निळ्या पट्ट्याचे भूजल पक्के बसलेले असते आणि गळतीमुळे ज्यांच्यासाठी हा धडा सर्वांत निकडीचा त्यांतली काही मुले वर्गात उरलेलीही नसतात. म्हणून पाण्याचा हिशेब चौथी-पाचवीच्या परिसर अभ्यासात सुरू व्हावा, सातवी-आठवीत गणिताच्या उदाहरणांत यावा आणि त्याला गुण असावेत. ‘जलचक्राची सुबक आकृती काढून नावे द्या’ हा प्रश्न राहू द्यावा, त्यालाच एक उपप्रश्न जोडावा: तुमच्या शाळेतले पाणी या आकृतीत कुठून कुठे जाते ते दाखवा, आणि टँकर येत असेल तर तोही काढा.